रडारच्या लहरी गिळणारें लोखंड

(नभोवाणीवरील भाषण)



मी लहान असतांना आमच्या घरीं एक ट्रान्झिस्टर होता. वडिलांनीं तो मोठ्या हौसेनें घेतलेला. त्याला चामड्याची पिशवी होती, आणि मुलांच्या हातीं लागूं नये म्हणून तो फळीवर गणपतीच्या तसबिरीशेजारीं ठेवलेला असे. एके दुपारीं घरांत कोणी नाहीं असें पाहून मीं तो उघडला. आंत बारीक तांब्याची तार गुंडाळलेली, पेन्सिलीएवढी एक काळी कांडी होती. लोखंडाची असेल असें समजून मीं ती ओढून काढली. ती हातांतून निसटली, फरशीवर पडली आणि खडूसारखे तिचे दोन तुकडे झाले. लोखंड पडून फुटत नाहीं, एवढें मला ठाऊक होतें. परंतु चुंबक जवळ नेला तर तो त्या तुकड्यांना लोखंडासारखाच चिकटे, हेंहि मीं पाहिलें. संध्याकाळीं जो प्रसाद मिळाला त्याचें वर्णन करीत नाहीं. मात्र लोखंड असून लोखंड नसलेलें हें ठिसूळ द्रव्य आहे तरी काय, हा प्रश्न पुढें सारी मास्तरकी संपेपर्यंत अधूनमधून डोकें वर काढीत राहिला. आज त्याच द्रव्याच्या घराण्याची हकीकत आपणांस सांगावयाची आहे.

त्या द्रव्याचें नांव फेराइट. लोहभस्म आणि इतर धातूंचीं भस्में एकत्र करून, दाबून, भट्टींत भाजून तें करतात. त्याच्या घराण्यांत लोखंडाची अतिसूक्ष्म पूड येते, ज्याला आपले पूर्वज अयस्कांत म्हणत तो चुंबकपाषाण येतो, आणि अलीकडे या सर्वांचीं कार्बनशीं किंवा रबराशीं केलेलीं मिश्रणें येतात. या घराण्याच्या अंगीं एक विलक्षण गुण आहे. रडारच्या लहरी यांच्यावर योग्य तऱ्हेनें पडल्या तर परत फिरत नाहींत; आंतल्या आंत जिरतात आणि त्यांची किंचित् ऊब होते. या एका गुणापायीं माणसांनीं गेल्या ऐंशी वर्षांत केवढा खटाटोप केला, हा आजचा विषय होय.

प्रथम एक खुलासा. मायक्रोवेव्ह म्हणजे आखूड रेडिओलहरी. एका लाटेच्या माथ्यापासून पुढच्या लाटेच्या माथ्यापर्यंतचें अंतर एका मीटराहून कमी आणि एका मिलीमीटराहून अधिक, अशा त्या लहरी. मोबाइलवरचें संभाषण, उपग्रहावरून येणारें दूरदर्शन, स्वयंपाकघरांतली ती झटपट भट्टी आणि रडार, हीं सारीं यांच्याच जिवावर चालतात. या लहरी परत फिरविणें अगदीं सोपें आहे. जर्मनींत कार्ल्सरूह येथें हाइनरिख हर्ट्झ यानें १८८८ सालीं आपल्या लहरी जस्ताच्या पत्र्यावरून परतवून त्यांची लांबी मोजली. कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ च्या सुमारास ही लांबी ५ मिलीमीटरपर्यंत खालीं आणली, आणि लहरींची परीक्षा घेण्यासाठीं ब्रॅडशॉच्या आगगाडीच्या वेळापत्रकांत पानांमध्यें कथलाचा वर्ख घालून त्याचेंच उपकरण बनविलें. (प्रयोगशाळेंत साहित्य नाहीं अशी तक्रार करीत आयुष्य घालविणाऱ्या शिक्षकांनीं, आणि त्यांत मीहि आलों, हें वेळापत्रक ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.) १९०४ सालीं क्रिश्चन ह्यूल्समायर या जर्मन तरुणानें कोलोन शहरीं ऱ्हाइन नदीच्या पुलावर यंत्र मांडून, नदींतून येणारीं जहाजें लहरींच्या प्रतिध्वनीवरून ओळखून दाखविलीं, परंतु त्याचें यंत्र विकत घेण्यास कोणी पुढें आलें नाहीं. या सर्व काळांत लहर परत फिरूं नये अशी इच्छा करण्याचें फारसें कोणास कारणच नव्हतें. तें कारण युद्धानें दिलें.

ब्रिटिशांच्या रडाराचा पहिला प्रयोग फेब्रुवारी १९३५ मधला. त्या वेळच्या लहरी कित्येक मीटर लांबीच्या असत आणि त्यांच्यासाठीं किनाऱ्यावर उंच मनोरे उभारावे लागत. पुढें फेब्रुवारी १९४० मध्यें बर्मिंगहॅम विद्यापीठांत रँडल आणि बूट या दोघांनीं पोकळ्या कोरलेल्या तांब्याच्या एका लहानशा ठोकळ्यांतून सुमारे १० सेंटिमीटर लांबीच्या जोरदार लहरी काढून दाखविल्या. या ठोकळ्यास मॅग्नेट्रॉन म्हणतात. त्याच्यामुळें रडार एवढें आटोपशीर झालें कीं, तें विमानाच्या पोटांत बसूं लागलें. ब्रिटिशांनीं हें रहस्य जिवापाड जपलें होतें. पण १९४३ च्या फेब्रुवारींत, २ आणि ३ तारखेच्या मधल्या रात्रीं, कोलोनवरच्या हल्ल्यांतलें एक स्टर्लिंग विमान हॉलंडांत रॉटरडॅमजवळ पडलें आणि त्याच्या अवशेषांत जर्मनांना मॅग्नेट्रॉन सांपडला. त्यांनीं त्या उपकरणास ‘रॉटरडॅम यंत्र’ असेंच नांव दिलें.

जर्मनांना रहस्य कळलें, तरी त्याचा मार थांबला नाहीं. त्या काळच्या पाणबुडीला बॅटऱ्या भरून घेण्यासाठीं पाण्यावर येऊन आपलीं डिझेल-एंजिनें चालवावीं लागत. हें काम ती रात्रीं करी, कारण अंधार हें तिचें पांघरूण होतें. मार्च १९४३ पासून दहा सेंटिमीटरचीं रडारें घेऊन विमानें अटलांटिकवर गस्त घालूं लागलीं आणि तें पांघरूण गेलें. त्या वर्षीं एकट्या मे महिन्यांत जर्मनीच्या चाळिसांहून अधिक पाणबुड्या बुडाल्या. त्याचें सारें श्रेय रडाराला देतां येणार नाहीं. गलबतांच्या ताफ्यांचें संरक्षण सुधारलें होतें, सांकेतिक संदेशांची उकलहि होत होती. तथापि रात्रीं समुद्रावर तरंगणारें लोखंड विमानाला दिसूं लागलें, ही गोष्ट त्यांत अग्रभागीं होती. संपूर्ण युद्धांत या पाणबुड्यांवर सुमारे ४० हजार खलाशी चढले आणि त्यांतले जवळजवळ तीन चतुर्थांश परत आले नाहींत. ते शत्रुपक्षाचे होते आणि त्यांनीं बुडविलेल्या जहाजांवरहि माणसेंच होतीं. परंतु मरण्याचें वय विशी-बाविशीचें होतें, हें वाचतांना शिक्षकाच्या मनाला तें टोंचल्याखेरीज राहत नाहीं.

यावर जर्मनांनीं काढलेला उपाय म्हणजे श्नॉर्केल. मूळ कल्पना डच आरमाराची. पाणबुडीनें पाण्याखालींच राहावयाचें आणि फक्त एक नळी वर काढून एंजिनासाठीं हवा घ्यावयाची. आतां रडाराला दिसण्यासारखें उरलें तें केवळ या नळीचें तोंड. तेंहि दिसूं नये म्हणून जी योजना आंखली गेली तिचें गुप्त नांव ‘शॉर्नस्टाइनफेगर’, म्हणजे धुराडें साफ करणारा. नांव समर्पक होतें. नळी हें पाणबुडीचें धुराडेंच होतें, आणि तिच्यावर चढवावयाच्या एका आवरणांत तर खरोखरच काजळी होती.

आवरणें दोन प्रकारचीं झालीं आणि त्या दोहोंच्या भेदांत पुढचा सारा इतिहास बीजरूपानें आहे. पहिलें योहानेस याउमान याचें. प्लॅस्टिकचे थर आणि त्यांच्यामध्यें काजळीचे, म्हणजे विजेला बेताचा विरोध करणारे, पडदे अशी ती रचना. जाडी सुमारे साडेसात सेंटिमीटर. दुसरें हायडेलबर्गच्या लुडविग वेश याचें. तें रबराचें जाजम होतें, जाडी जेमतेम पाऊण सेंटिमीटर, पृष्ठभागावर चौकटी उठविलेल्या, आणि रबरांत लोखंडाची सूक्ष्म पूड कालवलेली. एक दुसऱ्याच्या दसपट जाड. असें कां असावें?

याचें उत्तर समजण्यासाठीं गोठ्यांत चलावें. खुंटीला एक लांब दावें बांधून त्याचें मोकळें टोंक हातानें हालवावें. दाव्यांत लाट उठते, खुंटीपर्यंत जाते आणि परत येते. खुंटीपाशीं दावें जागचें हालत नाहीं. तेथें हालचाल शून्य असते. परंतु खुंटीला बसणारा हिसका मात्र तेथेंच सर्वांत मोठा असतो. रडारच्या लहरीचीं अशींच दोन अंगें आहेत, एक विद्युत् आणि दुसरें चुंबकीय. धातूच्या पत्र्यापाशीं विद्युत्-अंग शून्य होतें आणि चुंबकीय अंग दुप्पट होतें. काजळी काम करते ती विद्युत्-अंगावर. ती थेट पत्र्यावर फांसली, तर खुंटीजवळ दावें धरून लाट थांबवूं पाहणाऱ्या माणसासारखी तिची गत होते. तेथें थांबवावयास हालचालच नाहीं. म्हणून काजळीचा पडदा पत्र्यापासून लहरीच्या पाव लांबीइतका दूर उभा करावा लागतो. दहा सेंटिमीटरच्या लहरीसाठीं अडीच सेंटिमीटर. लोखंडाची पूड मात्र चुंबकीय अंगावर काम करते, आणि तें अंग पत्र्यालगतच जोरांत असतें. तिला दूर उभें राहण्याची गरज नाहीं. खुंटीवरच तिची जागा. शिवाय अशा जड मिश्रणांत शिरलेली लहर स्वतःच आखूड होते, तेव्हां जाडी आणखी कमी पुरते.

मग अखंड लोखंडाचाच पत्रा कां नको, असें कोणी विचारील. पाणबुडी स्वतः लोखंडाचीच होती कीं! अडचण अशी कीं, अखंड लोखंडांतून वीज सहज वाहते, लहर पडतांच पृष्ठभागावर प्रवाहांचे भोवरे उठतात आणि ते तिला आंत येऊंच देत नाहींत. या लहरी लोखंडांत साधारणपणें एका मायक्रॉनच्या, म्हणजे मिलीमीटरच्या हजाराव्या भागाच्या, आसपासच शिरतात. तेव्हां लोखंडाचे कणहि तितकेच बारीक हवेत, आणि प्रत्येक कण दुसऱ्यापासून अलग, जणूं रबराच्या सोवळ्यांत हवा. तरच कणाच्या गाभ्यापर्यंत लहर पोहोंचेल आणि सगळें लोखंड कामीं येईल.

एवढी बारीक पूड जर्मनांकडे तयार होती, आणि ती युद्धासाठीं जन्मलेली नव्हती. बंद खोलींत शेगडी पेटवून निजलेल्या माणसांचे बळी घेणारा जो विषारी वायु, कार्बन मोनॉक्साइड, त्याचा लोखंडाशीं संयोग होऊन एक पिवळसर द्रव बनतो, हें १८९१ सालीं लुडविग माँड व त्याचे सहकारी यांनीं दाखविलें होतें. हा द्रव १०३ अंशांवर उकळतो. त्याची वाफ आणखी तापविली कीं वायु सुटून जातो आणि लोखंड मागें राहतें, तें चिमुकल्या गोळ्यांच्या रूपानें. प्रत्येक गोळी कांहीं मायक्रॉनांची आणि कांद्यासारखी पापुद्र्यांची. जर्मनीच्या बी. ए. एस. एफ. कारखान्यानें १९२५ च्या सुमारास ही ‘कार्बोनिल’ पूड मोठ्या प्रमाणावर काढण्यास आरंभ केला. तिचा एक मुख्य उपयोग दूरध्वनीच्या लांब तारांवर बसविण्याच्या वेटोळ्यांत होई. दूरच्या गांवीं बोललेला शब्द स्पष्ट ऐकूं यावा म्हणून जी पूड केली, तीच वीस वर्षांनीं रबरांत कालवून पाणबुडीच्या नळीला गुंडाळण्यांत आली.

आतां दोन्ही आवरणांचा हिशेब पाहूं. याउमानचें जाड आवरण २ पासून १५ सेंटिमीटरपर्यंतच्या लहरींपैकीं सुमारे ९९ टक्के शक्ति गिळी. वेशचें पातळ जाजम दहा सेंटिमीटरच्या आसपासच चांगलें चाले. तें एका मापाच्या अंगासाठीं शिवलेल्या अंगरख्यासारखें होतें. शत्रूनें लहरीची लांबी बदलली कीं माप पुन्हा घ्यावें लागणार. आणि शत्रु थांबला नव्हता. नोव्हेंबर १९४३ मध्येंच ब्रिटिश विमानें ३ सेंटिमीटरचें रडार घेऊन बर्लिनवर गेलीं होतीं. शिवाय रडाराचें गणित मोठें निष्ठुर आहे. परत जाणारी शक्ति शंभराव्या हिश्शावर आणली, तरी दिसण्याचें अंतर शंभराव्या हिश्शावर येत नाहीं. तें फक्त एकतृतीयांशाहून किंचित् कमी होतें. ३० किलोमीटरवरून दिसणारी वस्तु साडेनऊ किलोमीटरवरून दिसूं लागते, इतकेंच. अंतर दहावा हिस्सा करावयाचें, तर परत जाणारी शक्ति दहा हजारावा हिस्सा झाली पाहिजे. पाणबुडीच्या दृष्टीनें साडेनऊ किलोमीटर हेंहि कांहीं थोडें नव्हतें. विमान येईपर्यंत बुडी मारण्यास दोनेक मिनिटें मिळत. परंतु हीं आवरणें नळ्यांवर चढूं लागलीं तों युद्धाचें शेवटचें वर्ष उजाडलें होतें आणि निकाल बदलण्याची वेळ टळून गेली होती.

पलीकडच्या पक्षांतहि हेंच चाललें होतें. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्सच्या रडार-प्रयोगशाळेंत ऑटो हाल्पर्न यानें ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांचें एक पातळ आवरण विमानांसाठीं केलें, आणि जहाजांसाठीं लोखंडाच्या कणांचें वेगळें. त्याच प्रयोगशाळेंतल्या विन्फिल्ड सॉल्सबरी याच्या नांवानें पाव-लांबीवर टांगलेला पडदा आजहि पाठ्यपुस्तकांत ओळखला जातो.

युद्धानंतरच्या काळाविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण त्यांतलें बरेंचसें पुढील मुद्द्याची तयारी आहे. रडाराचे आणि आकाशकांचे प्रयोग करण्यासाठीं अशी खोली लागूं लागली कीं, जिच्या भिंतींवरून कांहींच परत येऊं नये. १९५० नंतरच्या पहिल्या वर्षांत अमेरिकेंत जनावरांचे कुरळे केंस काजळी मिसळलेल्या रबरांत बुडवून त्यांच्या गाद्या भिंतींना लावीत. पुढें फेंसाचे अणकुचीदार सुळे आले. कातळावर आपटलेली लाट उसळून परत येते आणि पुळणीवर चढलेली लाट वाळूंत जिरते, हें कोंकणांत वाढलेल्या मुलाला सांगावें लागत नाहीं. ते सुळे म्हणजे लहरींची पुळणच. परंतु लहर लांब झाली कीं सुळेहि लांब हवेत, आणि मीटरांनीं मोजण्याच्या लहरींना तर खोलीभर सुळे लागतील. येथें आमची ती काळी कांडी पुन्हा उपयोगीं पडली. फेराइटची सहा-सात मिलीमीटर जाडीची फरशी त्या लांब लहरींसाठीं तेंच काम करते जें फेंसाला करण्यास कित्येक फूट लागतात. आज पुण्यास मोटारगाड्यांची तपासणी करणाऱ्या ए. आर. ए. आय. या संस्थेसारख्या ठिकाणीं गाडींतल्या विद्युत्-यंत्रांची परीक्षा अशाच खोल्यांत होते.

फेराइटचा जन्म जपानांतला. टोकियो येथील तंत्रविद्यालयांत योगोरो काटो आणि ताकेशी ताकेई यांनीं १९३० सालीं तें केलें, आणि १९३५ सालीं त्यावर टी. डी. के. ही कंपनी उभी राहिली. ज्यांनीं त्या कंपनीच्या कॅसेटींवर गाणीं ध्वनिमुद्रित केलीं असतील त्यांना नांव ओळखीचें वाटेल. हॉलंडांत फिलिप्सच्या प्रयोगशाळेंत स्नूक नांवाच्या शास्त्रज्ञानें महायुद्धाच्या धामधुमींतहि या द्रव्याचा कसून अभ्यास केला. त्यानें १९४८ सालीं एक नियम मांडला. द्रव्य चुंबकाला जितकें अधिक वश, तितकी त्याची तत्परता कमी. संथ लहरींना उत्तम साथ देणारें फेराइट जलद लहरींपुढें दमतें. जलद लहरींबरोबर नाचणारें द्रव्य मुळांत कमी वश असतें. दोन्ही गुण एकदम पदरांत पडत नाहींत. पुढील सगळे प्रयत्न हे या स्नूकच्या कुंपणाला भोंक पाडण्याचे प्रयत्न आहेत, असें म्हटलें तरी चालेल. फिलिप्सच्याच लोकांनीं १९५६ मध्यें षट्कोनी घडणीचीं फेराइटें काढून तें थोडेंसें वांकविलें. कण गोल न ठेवतां चपटे, पापुद्र्यासारखे केले तरीहि तें वांकतें, हें नंतर दिसून आलें.

लढाईच्या विमानांत हीं द्रव्यें गेलीं, तेथें एक प्रसंग सांगितल्याखेरीज पुढें जाववत नाहीं. अमेरिकेचें यू-टू हें टेहळणी विमान रशियाच्या रडारांना दिसतें असें १९५६ मध्यें कळून आल्यावर, तें झांकण्याचे प्रयोग सुरू झाले. कांहीं विमानांवर तारा ताणून त्यांत फेराइटचे मणी ओंवले, कांहींच्या अंगाला जाळीदार नक्षी छापलेलें शोषक आवरण चिकटविलें. एप्रिल १९५७ मध्यें असें आवरण चढविलेल्या एका विमानाच्या चांचणींत, त्या आवरणामुळें यंत्राची उष्णता बाहेर पडेना. अतिउंचीवर एंजिन बंद पडलें आणि रॉबर्ट सीकर हा वैमानिक मृत्युमुखीं पडला. रडारच्या लहरीनें दिलेली ऊब नगण्य असते. घात केला तो विमानाला घातलेल्या गोधडीनें. प्रयोग १९५८ सालीं थांबविण्यांत आले. त्यानंतर अमेरिकनांनीं आवरणापेक्षां आकाराकडे अधिक लक्ष दिलें. लहर परत फिरली तरी चालेल, पण जिकडून आली तिकडे जाऊं नये, असा तो विचार. त्याचें गणित प्योत्र उफिम्त्सेव या रशियन शास्त्रज्ञानें १९६२ मध्यें उघडपणें छापलें होतें, आणि त्याच्या स्वतःच्या देशानें तें फारसें मनावर घेतलें नाहीं. त्या गणितावर उभें राहिलेलें एफ-११७ हें विमान १९८१ मध्यें उडालें. त्यावरहि शोषक लेप होताच, आणि तरीहि मार्च १९९९ मध्यें सर्बियांत जुन्या धर्तीच्या क्षेपणास्त्रानें त्यांतलें एक पडलें.

आतां नव्या युगाकडे येतों. नॅनो म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. कार्बोनिल लोखंडाची गोळी कांहीं हजार नॅनोमीटरांची. आज लोखंडाचे, कोबाल्टचे, चुंबकपाषाणाचे कण दहा-वीस नॅनोमीटरांइतके बारीक करतां येतात. भोवऱ्यांची अडचण मग जवळजवळ राहतच नाहीं. अडचणी राहतात त्या निराळ्या. इतकी बारीक लोखंडी पूड हवेंत उघडी ठेवली तर आपोआप पेट घेते. म्हणून प्रत्येक कणाला कार्बनचें किंवा वाळूच्या जातीच्या द्रव्याचें कवच चढवितात. फार बारीक कणांत चुंबकत्व स्थिर राहत नाहीं, तेंहि सांभाळावें लागतें. आणि येथें काजळीचें घराणें पुन्हा कथेंत येतें, नव्या वेषांत. १९९१ मध्यें जपानच्या सुमिओ इजिमा यांनीं कार्बनच्या सूक्ष्म नळ्यांकडे जगाचें लक्ष वेधलें. २००४ मध्यें मँचेस्टरला गाइम आणि नोव्होसेलोव यांनीं कार्बनचा एका अणूइतक्या जाडीचा पापुद्रा सुटा केला, त्यास ग्राफीन म्हणतात. या नळ्यांवर आणि पापुद्र्यांवर चुंबकीय कण बसवून त्यांचें मिश्रण राळेंत किंवा रबरांत कालवावयाचें, हा आजच्या शेंकडों प्रयोगशाळांतला उद्योग आहे.

याचें मर्म याउमान आणि वेश यांचें लग्न लावण्यांत आहे. केवळ कार्बन घातला तर विद्युत्-अंगाला द्रव्य फार वश होतें आणि लहर उंबरठ्यावरूनच परत जाते; कारण हवेंतल्या लहरींत दोन्ही अंगांचें जें प्रमाण असतें, तें प्रमाण द्रव्यांत बिघडतें. चुंबकीय कणांनीं दुसऱ्या बाजूला वजन टाकलें कीं पारडीं सारखीं होतात आणि लहरीला आपण हवेंतून द्रव्यांत शिरलों हें जणूं कळतच नाहीं. आंत आल्यावर तिला जिरविण्यास दोघेहि बसलेले असतात.

यांतून किती साधेल? या प्रश्नाचें एक मर्यादेचें उत्तर रशियाच्या रोझानोव यानें २००० सालीं गणितानें दिलें, आणि मला तें या सगळ्या कथेंतलें सर्वांत महत्त्वाचें वाटतें. चुंबकीय गुण नसलेलें कोणतेंहि आवरण घ्या, कितीहि थर लावा. एका लांबीपासून खालच्या सर्व लहरींचा नऊ-दशांश भाग त्यानें गिळावा असें वाटत असेल, तर त्याची जाडी त्या सर्वांत लांब लहरीच्या सतराव्या भागाहून कमी करतां येत नाहीं. पंधरा सेंटिमीटरच्या लहरीसाठीं हें सुमारे ९ मिलीमीटर होतें. कोणत्याहि नव्या कार्बनला हें कुंपण ओलांडतां येणार नाहीं. जाडी कमी करण्याचा रस्ता एकच: चुंबकीय गुण. द्रव्य चुंबकाला तिप्पट वश असलें, तर जाडीची मर्यादा एकतृतीयांशावर येते. पण रस्त्यांत स्नूक उभा आहेच.

म्हणून अलीकडे जे आंकडे वाचावयास मिळतात ते मी जरा सावधपणें वाचतों. अमुक मिश्रण लहरीचा दशलक्षावा भागच परत सोडतें, अशीं विधानें शास्त्रीय नियतकालिकांत सर्रास असतात. पुष्कळदां तो आंकडा एखाद्या एकट्या लांबीपुरता असतो, बाजूला सरकलें कीं पडतो. शिवाय तो बहुधा मोजलेला नसून गणितानें काढलेला असतो. पद्धत अशी आहे कीं, पूड मेणांत कालवून तिचें ७ मिलीमीटर व्यासाचें एक कडें ओततात, त्या कड्याचे विद्युत् आणि चुंबकीय गुण मोजतात, आणि त्यांवरून अमुक जाडीचा पत्रा केला असता तर त्यानें काय गिळलें असतें, हें कागदावर मांडतात. पद्धत चुकीची नाहीं, सोयीची आहे. पण मेणाचें कडें पावसांत भिजत नाहीं, खाऱ्या वाऱ्यानें गंजत नाहीं, उन्हानें तडकत नाहीं आणि त्याला विमानाचें वजन वाढविल्याबद्दल कोणी जाब विचारीत नाहीं. अमेरिकेच्या बी-टू या बाँबफेकी विमानाला त्याच्या लेपांच्या काळजीपायीं हवामान नियंत्रित केलेली पडवी लागते.

घरगुती व्यवहारांत मात्र या पुडीचें काम मुकाट्यानें चालू आहे. भट्टीच्या दाराच्या कडेस बसविलेल्या फेराइट-मिश्रित रबरांत, आणि मोबाइलच्या आंत, तार न जोडतां वीज भरणाऱ्या वेटोळ्यामागें असलेल्या कागदासारख्या पातळ चुंबकीय पापुद्र्यांत तें आपणांस उघडून पाहतां येईल. पाहूं नये, असें मी स्वानुभवानें सांगतों. ती कांडी मीं त्या वेळीं सुरळीत चिकटवून पुन्हा बसविली होती. ट्रान्झिस्टर चालू झाला, पण पूर्वीं जें दूरचें केंद्र रात्रीं स्पष्ट लागे, तें त्यानंतर खरखरीखेरीज कधीं लागलें नाहीं.